वाऱ्याआधी निघणारे

थंडीच्या दिवसांत डभोई तालुक्यातल्या वढवाणा तलावावर भर दुपारी गेलात, तर काठावर एक आळशी पक्षी दिसेल. बदकाहून थोराड, अंगाने करडा, पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. एका पायावर उभा, मान पिसांत खुपसलेली. याचं नाव पट्टकदंब. मुलांनो, त्याला हसू नका. हा हिमालय ओलांडून आलाय, आणि तोही पंख मारत. गिधाडं पंख पसरून तासन्‌तास तरंगतात, तशी चैन याला परवडत नाही. दोन-तीन किलोचा देह हवेत ठेवायचा तर पंख सारखे हलवावेच लागतात.

हा तलाव सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने १९१० च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधला. पाणी ओरसंग नदीचं. पाखरांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसेल. पाखरांनी मात्र तलाव लगेच आपला मानला. २०२१ मध्ये तो रामसर यादीत गेला, म्हणजे जगाने जपावी अशी पाणथळ जागा ठरला.

पण आजची गोष्ट वाऱ्याची.

आपल्या देवघरातला शाळिग्राम कुठून येतो, माहीत आहे ना? नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून. मुक्तिनाथाच्या यात्रेला जाणारी आपली मंडळी तिथूनच तो आणतात. ही नदी धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधून वाहते. दोन्ही बाजूंना आठ हजार मीटरवरची शिखरं आणि मध्ये ही खोल चिंचोळी घळ. मी ती चाललोय. सकाळी सातला तिथे पानही हलत नाही. दहा-अकरा वाजले की कुठूनतरी पहिली झुळूक येते, आणि दुपारी दोनला काठी रोवल्याशिवाय उभं राहवत नाही. कागबेनीहून जोमसोमकडे उतरताना तो वारा समोरून अंगावर येतो. वाळू दातांत करकरते, बारीक खडे नडग्यांवर तडतडतात, डोळे उघडले तर पाणी येतं आणि मिटले तर वाट दिसत नाही. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. समोरून खेचरांचा तांडा आला, तर घंटा ऐकू येण्याआधी धूळच दिसते.

एवढा वारा येतो कुठून? उन्हं चढली की पलीकडचं तिबेटचं पठार तापतं. तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि रिकामी जागा भरायला खालची हवा धावते. तिला वाट ही एकच घळ. धुराड्यात वर हवा तापली की चुलीतला जाळ आत ओढला जातो, तसंच हे. वाट अरुंद झाली की वेग वाढतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो, हे लक्षात ठेवा. डोंगरात पाय घसरतात ते या चौपटीमुळे. सूर्य कलला की पठार निवतं आणि वाराही दमतो. म्हणून जोमसोमची विमानं सकाळीच उडतात. म्हणून ५,४१६ मीटरवरची थोरांग ला खिंड ओलांडणारे पहाटे तीन-चारला डोक्याला दिवा बांधून निघतात. आमच्यातल्या एका गृहस्थांना नाश्त्याशिवाय पाऊल उचलवत नव्हतं. वाटाड्या काही बोलला नाही, नुसता आकाशाकडे बघत बसला.

आता पट्टकदंबाकडे या. वसंतात तो भारतातून उत्तरेला जातो. दिवसा घळींतून वर चढणारा वारा त्याच्याच दिशेचा! शास्त्रज्ञांचा तर्क असा, की हा त्या वाऱ्यावर स्वार होऊन फुकटात डोंगर चढत असणार. भारतात आणि मंगोलियात काही पक्ष्यांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली. २०११ मध्ये निष्कर्ष आले आणि तर्क कोसळला. पक्षी निघत होते रात्री आणि पहाटे, वारा निजलेला असताना. सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटर चढाई, पाठीवर वाऱ्याचा हात नसताना!

कारण साधं आहे. त्या उंचीवर हवा आधीच विरळ. साडेपाच हजार मीटरवर समुद्रकाठच्या निम्मीच. उन्हाने ती आणखी पातळ होते. रात्रीची गार हवा दाट असते, पंखाला धरायला काहीतरी मिळतं, श्वासातही प्राणवायू जास्त येतो. दुपारी दरीत वारा गरगरतो, तिथे फुकटची मदत कधी कड्यावर आपटेल सांगता येत नाही.

आणखी एक गंमत. एव्हरेस्टवरून उडणारा म्हणून याची कीर्ती. पण एकाची ७,२९० मीटरवरची नोंद सोडली, तर हे बहुतेक वेळ साडेपाच हजारांच्या खालीच असतात. २०१५ मध्ये कळलं, की ते जमिनीला धरून उडतात: डोंगर आला की चढायचं, दरी आली की मिळवलेली सगळी उंची सोडून उतरायचं, पुन्हा चढायचं. आपल्याला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. मलाही चढावर चढलेलं उतरायचं म्हटलं की जिवावर येतं. पण विरळ हवेत सरळ उंच उडत राहण्याचा खर्च त्याहून भारी पडतो. बाकी त्याचं रक्त प्राणवायू चटकन धरून ठेवतं, फुप्फुसं मोठी, हे खरंच; पण तो भाग शाळेत शिकवतील.

नोव्हेंबरात वढवाण्याला गेलात, की दुर्बीण घेऊन एक काम करा. घोळक्यात एखाद्याच्या डोक्यावर पट्टे दिसणार नाहीत, नुसती फिकट टाळू आणि मागे मळकट रंग. ते त्याच वर्षीचं पिल्लू. उन्हाळ्यात अंड्यातून निघालं, आईबापांमागे उडायला शिकलं, आणि वयाच्या चार-पाच महिन्यांतच हिमालय पार करून इथे हरभऱ्याच्या शेतात चरायला आलं.