जुना संडास बदलताना

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. ठाण हातात आले की आम्ही वरच्या रंगाला भुलत नाही. उलटी बाजू पाहतो, पोत चाचपतो. पण मरोळच्या घरातील जुना संडास बदलायची वेळ आली तेव्हा आम्हीच वरचा रंग पाहून फसलो. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना तेवढा फटका बसू नये म्हणून हा खटाटोप.

अम्मींचे गुडघे दुखू लागले, उकिडवे बसणे जमेना. आम्ही चकचकीत कमोड आणले आणि मजुरी तोंडी ठरवली. कारागिराने जुने भांडे काढले, पण खालचा ट्रॅप फोडण्याची मेहनत वाचवून त्याच्यावरच कमोड बसवले. आठ दिवसांत पाणी तुंबू लागले. सगळे पुन्हा फोडावे लागले, त्यात फरशीखालचे वॉटरप्रूफिंग तुटले आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल आली. दुहेरी खर्च झाला तो झालाच, शिवाय शेजाऱ्यांपुढे मान खाली घालावी लागली.

कसूर कुठे झाली ते समजून घ्या. ट्रॅप म्हणजे नळाचे वाकडे वळण. त्यात साधारण 2 इंच पाणी कायम साचून राहते आणि गटाराची दुर्गंधी घरात येऊ देत नाही. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 साली अशा वळणाच्या संडासाचे पेटंट घेतले होते. जुन्या भांड्याचा ट्रॅप फरशीखाली वेगळा असतो. कमोडचा ट्रॅप त्याच्या पोटातच असतो. एकामागे एक दोन ट्रॅप आले की मध्ये हवा कोंडते आणि मैला पुढे सरकत नाही. म्हणून भांड्याबरोबर जुना ट्रॅपही काढलाच पाहिजे.

कमोड खरेदी करण्यापूर्वी माप घ्या. ज्याचे तोंड खाली फरशीत जाते तो एस ट्रॅप. भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर त्याला लागते. बाजारात 4 इंचांपासून 12 इंचांपर्यंत माल मिळतो. हे अंतर टाइल्स लागल्यानंतरच्या भिंतीपासून मोजावे. टाइल व सिमेंट मिळून सुमारे इंचभर जागा खातात. ज्याचे तोंड मागे भिंतीत जाते तो पी ट्रॅप. त्याला फरशीपासूनची उंची लागते. किब्ल्याकडे तोंड वा पाठ नको असेल तर तेही आधीच ठरवा. मरोळहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. दिशा बदलली की पाइपाची जागाही बदलते. नंतर आठवून उपयोग नाही.

जुन्या इमारतींत बिडाचे पाइप असतात व त्यांचे सांधे शिशाने भरलेले असतात. त्यांच्याजवळ घण चालवू नये. सांधा हलला की ओल भिंतीतून उतरते. फ्लश टाकी दोन बटणांची घ्यावी. जुन्या साखळीच्या टाकीतून एका वेळी 10 लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी जायचे. नवीनमध्ये 3 किंवा 6 लिटरमध्ये काम होते. नळाला ठराविक वेळच पाणी येणाऱ्या घरात ही बचत लहान नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्यापूर्वी, तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरावे, भिंतीवर खूण करावी आणि निदान 48 तास ठेवावे. मग शेजाऱ्यांकडे जाऊन छत पाहावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घरातील संडास-मोरीच्या गळतीचा खर्च सभासदालाच सोसावा लागतो. सोसायटीला आधी लेखी कळवावे, कामाच्या वेळा विचारून घ्याव्यात.

ठेका कागदावर लिहा: जुना ट्रॅप काढणे, वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी आणि मलबा उचलणे, सगळे वेगवेगळे. शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यावा. कारागीर बांधवांनीही अशी चिठ्ठी स्वतःहून मागावी. इमानदार माणसाचे त्यात संरक्षणच आहे. मलबा नाल्यात टाकू देऊ नका. मिठी नदी आपल्या मरोळवरूनच वाहते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भराव आणि कचऱ्याने आवळलेल्या या नदीने काय केले ते सर्वांनी पाहिले आहे.

दुसऱ्या खेपेस आम्ही हे सगळे पाळले. शेजाऱ्यांचे छत आमच्या खर्चाने रंगवून दिले. अम्मी आता कोणाच्या आधाराशिवाय जाऊन येतात. कमोड तेच आहे; दुसऱ्या वेळी पैसा गेला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर. तोच आधी खर्च केला असता, तर एकदाच गेला असता.