दोन पिंजरे आणि एक प्रश्न

भोंगवलीसारख्या गावात कौलांच्या फटीतून घरात कवडसा पडतो. त्यात धुळीचे कण तरंगताना तुम्ही पाहिलेच असतील. क्षयरोग्याच्या खोकल्यातील जंतूही असेच तरंगतात काय? की ते त्याच्या ताटवाटीतून पसरतात? भांडी वेगळी ठेवायची की खिडक्या उघडायच्या, हे या उत्तरावर ठरते.

माणसांना मुद्दाम रोग लावून हे पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी गिनीपिग या प्राण्याची मदत घेतली.

असाच प्रश्न आधी मुंबईत प्लेगबाबत पडला होता. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) यावर प्रयोग झाले. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत काही गिनीपिग जमिनीपासून २ इंचांवर ठेवले, काही २ फुटांवर. हवा दोघांना एकच. खालच्यांना प्लेग झाला, वरचे वाचले. कारण उंदरावरची पिसू जेमतेम ५ इंच उडी मारते! म्हणजे गाठीचा प्लेग हवेतून नव्हे, पिसवांमुळे होत होता. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो. त्याविषयी या पिंजऱ्यांनी काही सांगितले नाही.

क्षयाचे उत्तर उलटे निघाले. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या सहा खोल्यांतील हवा नळांतून वर नेऊन सुमारे १५० गिनीपिगांच्या कोठडीत सोडली. रोग्यांचा वा त्यांच्या वस्तूंचा स्पर्श मुळीच नाही. तरीही दोन वर्षांत ७१ प्राण्यांना लागण झाली. पुढे एका गटाकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले, तेव्हा तो गट निरोगी राहिला.

असे का व्हावे? खोकल्यातील ०.१ मिलिमीटरचा थेंब दीड मीटर उंचीवरून ५-६ सेकंदांत जमिनीवर येतो. त्यातील पाणी उडून ०.००५ मिलिमीटरचा कण उरला, तर व्यास २० पट कमी आणि पडण्याचा वेग सुमारे ४०० पट कमी होतो. तेवढ्याच उंचीवरून पडायला त्याला अर्धा तास लागतो. तोवर तो कोणाच्याही श्वासातून फुप्फुसात खोलवर जाऊ शकतो.

मात्र गिनीपिग म्हणजे छोटा माणूस नव्हे. अगदी थोड्या जंतूंनीही तो आजारी पडतो. माणसांत जंतू शिरूनही बहुतेकांना रोग होत नाही. म्हणून या प्राण्यांनी रोगाची वाट दाखवली. किती माणसे आजारी पडतील, हे नाही.

तेव्हा घरात क्षयरोगी असेल तर त्याचे ताट वेगळे करून त्याला दुखवू नका. खिडक्या उघडा, खोकताना त्याला तोंडावर रुमाल धरायला सांगा आणि सरकारी दवाखान्यातील मोफत औषधे मध्येच सुटू देऊ नका.

आणि उद्या कवडशातला एक कण निवडून तो खाली येतो का, ते पाहा बरे!