म्हाताऱ्या कॉम्प्युटरला एकच काम द्या

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षेची नियमित मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. त्याच आठवड्यात वसुबारस होती, म्हणजे घरोघरी साफसफाईचे दिवस. विंडोज ११ ला साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप आणि डेस्कटॉप एका तारखेत बाद ठरले. यंत्र धडधाकट, कागदपत्रं अपुरी! नागपुरात अशी यंत्रं सज्ज्यावर तरी जातात किंवा कबाड्याकडे तरी. तिसरी वाटही आहे, फक्त ती धरण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: विजेचं बिल आणि मे महिना.

जुना कॉम्प्युटर हळू होतो, पण प्रोसेसर थकतो म्हणून नाही. दहा वर्षांपूर्वी तो सेकंदाला जेवढी आकडेमोड करत होता, तेवढी आजही करू शकतो. जड झालं ते सॉफ्टवेअर. पास्कल या भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच कुरकुर केली होती की, हार्डवेअरचा वेग वाढतो त्यापेक्षा लवकर सॉफ्टवेअर सुस्तावतं. दुसरा गुन्हेगार म्हणजे हार्ड डिस्क. तिची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं, म्हणजे सेकंदाला शंभर तुकडेही वाचून होत नाहीत. आणि कॉम्प्युटर सुरू होताना तर हजारो लहान फाइली लागतात. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होतं. सीताबर्डीवरच्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात ती बसवून मिळते. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर तो हाच.

मग विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं: मिंट, लुबुंटू, किंवा सी-डॅकने तयार केलेलं आपलं बॉस. चार जीबी रॅम असली तरी भागतं. मात्र अगदी ३२ बिटी प्रोसेसर असेल तर नाद सोडलेला बरा. डेबियन या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने इन्स्टॉल करण्याची सोय काढून टाकली. आणि लिनक्स टाकून पुन्हा त्याच यंत्रावर वीस टॅब उघडायला गेलात, तर पहिले पाढे पंचावन्न. वेबपानं सगळ्यांसाठी सारखीच जड आहेत. म्हणून त्याला घरातलं एकच नेमकं काम द्यावं.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी काम प्रिंटरचं. एचपीचा लेझरजेट १०२० घराघरात आणि वकिलांच्या टेबलांवर अजून इमानेइतबारे चालतो, पण त्याला वायफाय नाही. शिवाय प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याचं फर्मवेअर कॉम्प्युटरला नव्याने भरवावं लागतं. जुन्या लॅपटॉपला तो जोडला आणि त्यावर कप्स हे प्रिंटिंगचं मोफत सॉफ्टवेअर बसवलं, की घरातल्या वायफायवरच्या फोनना तो नेटवर्क प्रिंटरसारखा दिसू लागतो. आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी कोपऱ्यावर जाणं वाचतं.

दुसरं काम फोटोंचं. इमिच किंवा सिंकथिंग हे सॉफ्टवेअर टाकलं की घरी आल्यावर फोनमधले फोटो आपोआप जुन्या यंत्राच्या डिस्कवर उतरतात. पण जुन्या डिस्कवरची एकमेव प्रत म्हणजे प्रत नव्हेच. दुसरी कुठेतरी हवीच.

तिसरं जाहिराती अडवण्याचं. वेबसाइट उघडताना फोन किंवा टीव्ही आधी तिच्या नावावरून पत्ता विचारतो. पाय-होल हे सॉफ्टवेअर त्या चौकशीच्या खिडकीवर बसतं आणि जाहिरातवाल्यांची नावं आली की ‘असा पत्ताच नाही’ म्हणून परत पाठवतं. यूट्यूबपुढे मात्र त्याचं काही चालत नाही, कारण तिथे जाहिरात आणि व्हिडिओ एकाच दारातून येतात. आणखी एक खोच: लाइट गेली, राऊटर इन्व्हर्टरवर चालू राहिला आणि हा कॉम्प्युटर बंद पडला, तर घराला इंटरनेट असूनही एकही पान उघडणार नाही. सासूबाईंची मालिका अडकली, की तुमच्या विज्ञानप्रेमाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता हिशेब. जुना टॉवर काही न करता नुसता चालू असला तरी ७० वॅट सहज खातो. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे ५० युनिट. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटला पायरी चढतात. उन्हाळ्यात कूलर आणि एसीने आधीच ३०० गाठलेल्या घरात हे ५० युनिट वरच्या दराने पडतात. पडदा बंद ठेवलेला लॅपटॉप १२ वॅटमध्ये भागवतो, महिन्याला नऊ युनिटच्या आत. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: चोवीस तासांच्या कामाला जुना लॅपटॉप घ्या, टॉवर आठवड्यातून दोन तास, फोटोंची प्रत काढण्यापुरता लावा.

मे महिन्याचं गणित वेगळं. पंखा चिपला खोलीतलीच हवा देतो, त्यामुळे चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहते. हा फरक ४५ अंश धरला, तर जानेवारीत २५ च्या खोलीत ती ७० वर असते आणि मेमध्ये ४० च्या खोलीत ८५ वर. शंभरीच्या जवळ गेली की चिप स्वतःच वेग कमी करते. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेल्या नागपुरात पंख्यातली धूळ काढणं आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं ही एप्रिलमधली कामं आहेत. कूलरच्या दमट हवेला फार भिऊ नका. चालू यंत्र हवेपेक्षा गरम असतं, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. भीती आहे ती उडणाऱ्या तुषारांची: पाणी वाळतं, क्षार सर्किटवर राहतात. कूलरच्या झोतासमोर यंत्र ठेवू नका, एवढंच.

लॅपटॉपची बॅटरी मात्र खरोखर जपायची. उन्हाळाभर शंभर टक्के चार्जवर तापत राहिलेली लिथियम बॅटरी फुगू शकते. काही लॅपटॉपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती नसेल आणि बॅटरी काढता येत असेल, तर ती काढून यंत्र सरळ इन्व्हर्टरवर टाका. फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका. अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवा.

वर्षानुवर्षं सज्ज्यावर पडलेलं यंत्र चालू केल्यावर कुठलीच वेबसाइट उघडत नसेल, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असंच येत असेल, तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली, की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि आजच्या वेबसाइटची प्रमाणपत्रं त्या तारखेला लागूच झालेली नसतात. सेल बदलून तारीख नीट केली की पानं उघडायला लागतात.