हिवाळ्यातली घरची भाजी: आधी आपल्या गावची थंडी ओळखा

मागच्या भागात आपण कुंडीत माती कशी भरायची ते पाहिलं. आज त्या मातीत हिवाळ्यात काय लावायचं आणि मुख्य म्हणजे कधी लावायचं, ते पाहू.

बियाण्याच्या पाकिटावर बहुतेक वेळा 'रब्बी, ऑक्टोबर-नोव्हेंबर' एवढंच छापलेलं असतं. पण आपली मंडळी दिल्लीत आहेत, इंदूरला आहेत, बंगळूर-चेन्नईलाही आहेत. या सगळ्या गावांचा हिवाळा एक नाही. मेथी चुकली तर महिनाभरच वाया जातो. फ्लॉवर चुकला तर अख्खा हंगाम जातो. म्हणून पाकिटाआधी थंडी ओळखायची.

कुठे, कधी?

दिल्लीकडे डिसेंबरअखेर ते जानेवारी वाढ जवळजवळ थांबते. त्याआधी रोपं अंगानं भरलेली हवीत. म्हणून पालक, मेथी, मुळा, गाजर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरा आणि वाटाणा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत.

इंदूर, नागपूर, पुणे इथे थोडी सवड मिळते. ऑक्टोबर ते डिसेंबर टप्प्याटप्प्यानं पेरत राहा.

बंगळूरला थंडी सौम्य. पालेभाज्या जवळपास वर्षभर येतात. कोबी, गाजर, घेवडा यांना हे महिने विशेष मानवतात.

चेन्नईची गोष्ट वेगळी. तिथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच. त्या पावसात बी वाहून तरी जातं नाहीतर कुजतं. पाऊस ओसरला की पेरा, आणि कुंडीची भोकं मोकळी आहेत ना ते आधी बघा.

फ्लॉवर का फसतो?

फ्लॉवरच्या जाती लवकर, मध्यम आणि उशिरा येणाऱ्या अशा असतात. प्रत्येकीला गड्डा धरायला ठरावीक थंडी लागते. लवकर येणारी जात कडक थंडीत लावली, तर रोप पुरेसं वाढण्याआधीच सुपारीएवढा गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. उलट 'पुसा स्नोबॉल के-१' सारखी उशिराची, थंडी मागणारी जात उबदार गावात लावली, तर पानंच पानं येतात. खत घालून यातलं काहीच दुरुस्त होत नाही. म्हणून बी घेताना दुकानदाराला फक्त 'फ्लॉवर द्या' म्हणू नका, 'या महिन्यात लावायची जात द्या' म्हणा.

पेरताना

गाजर आणि मुळा जागेवरच पेरायचे. रोप उपटून दुसरीकडे लावलं की मूळ वाकडं होतं. खडे किंवा कच्चं शेणखत असेल तर गाजराला फाटे फुटतात. कुंडी किमान दहा-बारा इंच खोल घ्या आणि रोपं बोटभर झाली की विरळणी करा. इथे मन घट्ट करावं लागतं, पण दाटीत एकही गाजर पोसत नाही.

धणे हलक्या हातानं रगडून दोन फाकी करून पेरा. थंडीत उगवायला दहा-बारा दिवस लागू शकतात. घाईनं माती उकरू नका. मेथी मात्र तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात खुडायला होते. दर दहा दिवसांनी एकेक कुंडी पेरलीत, तर जुडी विकत आणायची वेळ कमी येईल.

पाणी

थंडीत माती हळू सुकते. रोज ठरल्याप्रमाणे तांब्याभर पाणी घातलं की मुळं कुजतात. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. घालायचं तर सकाळी, म्हणजे पानं दिवसा सुकतात.

याला एक अपवाद आहे. उत्तरेत काही रात्री दव गोठतं; तिकडे त्याला 'पाला' म्हणतात. अशी रात्र येणार असं वाटलं तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. रात्री जुनी चादर किंवा गोणपाट काठ्यांवर टाकून झाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. टोमॅटो, मिरची, वांगं यांना हे आधी करा, कारण ती थंडीनं पटकन करपतात. कोबी, पालक, गाजर सहसा तग धरतात.

ऊन

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. ऑक्टोबरमध्ये उन्हात असलेली कुंडी डिसेंबरमध्ये शेजारच्या इमारतीच्या सावलीत जाऊ शकते. चार-पाच तास ऊन मिळत असेल तिथे पालेभाज्या ठेवा. टोमॅटो, फ्लॉवर, वाटाण्याला सहा तास तरी हवेत.

तर या आठवड्यात एवढंच करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ आपल्या गच्चीवर ऊन कुठे पडतं ते बघून ठेवा आणि एका कुंडीत मेथी पेरा. पुढच्या भागात मावा आणि भुरीचा बंदोबस्त पाहू. भेटूया!