परदेशातील उलथापालथ आणि आपली केळीबाग

भुसावळ, यावल, रावेर भागात केळीला पोटॅश किती व केव्हा द्यावे, हे आपणांस चांगले ठाऊक आहे. परंतु हे पोटॅश येते कोठून आणि एखाद्या वर्षी त्याचा भाव अचानक का भडकतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. दूरच्या देशातील राजकीय वा आर्थिक गोंधळ आपल्या बांधापर्यंत कसा पोहोचतो, अशा वेळी आपले सरकार परराष्ट्र धोरणाद्वारे काय करू शकते आणि आपण काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

पोटॅशचा प्रवास

आपल्या देशात पोटॅशचे व्यापारी उत्पादन नाही. म्युरेट ऑफ पोटॅश पूर्णपणे आयात करावे लागते. जगात कॅनडा, रशिया व बेलारूस हे त्याचे तीन मोठे उत्पादक आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये बेलारूसमधील निवडणुकीच्या निकालावरून मोठे जनआंदोलन झाले व ते दडपण्यात आले. त्यामुळे २०२१ साली पाश्चात्त्य देशांनी त्या देशावर निर्बंध घातले. बेलारूसला समुद्रकिनारा नाही. त्याचे पोटॅश लिथुआनियाच्या बंदरातून बाहेर पडत असे. फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने ही रेल्वे वाहतूक बंद केली आणि त्याच महिन्यात रशिया-युक्रेन युद्ध पेटले. तीनपैकी दोन उत्पादक एकाच वेळी अडचणीत आले. त्या वर्षी आपल्याकडे पोटॅशची गोणी १७०० रुपयांच्या घरात गेली.

याचा आपल्या बागेवर काय परिणाम होतो ते पाहा. केळीला प्रति झाड २०० ग्रॅम पालाशची शिफारस आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते, म्हणजे झाडास ३३३ ग्रॅम खत लागते. १.५ बाय १.५ मीटर अंतरावर हेक्टरी ४४४४ झाडे बसतात. त्यांना सुमारे १४८० किलो, म्हणजे ५० किलोच्या जवळजवळ ३० गोण्या लागतात. गोणीमागे ७०० रुपये वाढले असे धरले, तर एका हेक्टरचा खर्च २१ हजार रुपयांनी वाढतो. घडाचा भाव मात्र त्या प्रमाणात वाढेलच असे नाही.

सरकार काय करते?

अशा वेळी सरकारपुढे काही मोजके मार्ग असतात.

१) सर्वांशी संबंध राखणे : युक्रेन युद्धानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियावर निर्बंध घातले. भारत त्यात सहभागी झाला नाही आणि रशियाकडून खतांची खरेदी चालू राहिली. या भूमिकेवर बाहेर टीका झाली, परंतु तिच्यामागे देशाची खताची व तेलाची गरज हेही एक कारण होते.

२) दीर्घ मुदतीचे करार : सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय खत कंपन्यांनी कॅनडातील पुरवठादाराशी तीन वर्षांसाठी, दरवर्षी १५ लाख टनांपर्यंत पोटॅश मिळण्याचा सामंजस्य करार केला. एका दारी अडले तर दुसरे दार उघडे असावे, हा त्यामागील हेतू होय.

३) धक्का स्वतः सोसणे : मे २०२१ मध्ये डीएपीच्या गोणीवरील अनुदान ५०० वरून १२०० रुपये केले गेले, म्हणून गोणी १२०० रुपयांतच मिळत राहिली. सन २०२२-२३ मध्ये खत अनुदानाचा बोजा अडीच लाख कोटी रुपयांवर गेला. हा पैसाही अखेर जनतेचाच असतो, हे विसरू नये.

४) शेजाऱ्यास हात देणे : श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भात व चहाचे उत्पादन घटले आणि काही महिन्यांतच बंदी उठवावी लागली. त्यातच परकीय चलन संपल्याने २०२२ साली तेथील सरकार कोसळले. भारताने त्या वर्षी सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली. तिच्यात ६५ हजार टन युरियासाठीच्या कर्जाचाही समावेश होता. शेजारी सावरला तर आपला ग्राहकही टिकतो.

बाजारपेठेची बाजू

खताप्रमाणेच मालाचेही आहे. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडी भागातून भौगोलिक मानांकन मिळालेली केळी दुबईस गेली. इराण हा तर भारतीय केळीचा मोठा ग्राहक आहे. इराणवर अमेरिकेचे निर्बंध असताना भारत त्याच्याकडून तेल घेई व त्याची किंमत रुपयांत भारतीय बँकेत जमा करी. त्याच रुपयांतून इराण आपला तांदूळ, चहा इत्यादी माल घेई. मे २०१९ पासून भारताने इराणचे तेल घेणे थांबवले. खात्यात नवी भर पडेनाशी झाली आणि आपल्या निर्यातदारांची देणी मिळणे कठीण झाले. तेलाच्या निर्णयाचा परिणाम शेतमालावर होतो तो असा.

कापसाचेही तसेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावले. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला आणि आपल्या कापसाचा एक ग्राहक गेला. बांगलादेश हा आपल्या कापसाचा मोठा खरेदीदार आहे. तेथे ऑगस्ट २०२४ मध्ये सत्तांतर झाले आणि २०२५ साली दोन्ही बाजूंनी व्यापारावर निर्बंध आले. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी झाली तेव्हा मित्रदेशांना सवलत म्हणून ठरावीक कांदा देण्यात आला. परंतु साक्रीच्या कांदा उत्पादकास त्याने कितीसा दिलासा मिळाला असेल? देशहिताच्या निर्णयाची किंमत काही वेळा शेतकऱ्यास मोजावी लागते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आपण काय करावे?

जगातील घडामोडी आपल्या हाती नाहीत, बागेचे नियोजन मात्र आहे.

* लागवडीपूर्वी माती परीक्षण अवश्य करावे. खानदेशातील काळ्या जमिनीत उपलब्ध पालाश पुष्कळदा भरपूर असते. अहवालानुसार पोटॅशची मात्रा कमी करता येते.
* घड कापल्यावर खोड बांधावर टाकू नये किंवा जाळू नये. केळीच्या खोडात पालाश भरपूर असते. बारीक तुकडे करून ते जमिनीतच कुजवावे.
* ठिबकमधून विद्राव्य खते हप्त्याहप्त्याने द्यावीत. खत वाया जात नाही.
* मळीपासून बनणाऱ्या पोटॅशचा (पालाश १४.५ टक्के) पर्याय पाहावा. मात्र गोणीची नव्हे, तर पालाशच्या किलोची किंमत काढून तुलना करावी.
* सर्व माल एकाच परदेशी बाजारावर विसंबून पिकवू नये. निर्यातदाराशी व्यवहार करताना पैसे केव्हा व कसे मिळणार, हे लेखी ठरवून घ्यावे.

यापुढे वर्तमानपत्रातील परदेशच्या बातमीचे पान उलटून टाकू नका. त्या देशाकडून आपण काय घेतो व त्याला काय विकतो, एवढा एकच प्रश्न स्वतःस विचारावा. पुढील हंगामाचे खत केव्हा भरावे आणि माल कोठे पाठवावा, याचा निर्णय त्यावरून अधिक विचारपूर्वक घेता येईल.