डोंबाऱ्याची कमान

चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरेची यात्रा भरते, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची. आणि अशा यात्रांत किंवा जळगावकडच्या एखाद्या आठवडे बाजारात, बांबूंच्या दोन कैच्यांवर दोर ताणून डोंबारी जेव्हा आपला खेळ मांडतो, तेव्हा भोवती कडे करून उभ्या असलेल्या रयतेला आपण नृत्य पाहत आहोत, याची जाणीव क्वचितच असते.

ढोलकी संथ असते तोवर मुलगी हात उंचावून स्तब्ध राहते. ठेका चढू लागला की ती सावकाश मागे झुकते, पुरती कमान टाकते आणि जमिनीवर ठेवलेली नोट ओठांनी उचलून, ताल न चुकवता पुन्हा ताठ होते. मग लहानशा लोखंडी कड्यातून, आधी एक खांदा, मग दुसरा, असे अंग आवळत ती पार होते. या साऱ्याची कसरत म्हणून बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. कारण येथे प्रत्येक वाकणे ढोलकीच्या हुकमाने होते, आणि देहाच्या या तालबद्ध वक्रतेस नृत्य म्हणायचे नसेल, तर भरताच्या नाट्यशास्त्रातील १०८ करणांपैकी, पाय पाठीमागून वर उचलणारी वृश्चिकादी करणेही वगळावी लागतील. एकनाथांच्या भारुडांत कोल्हाटीण, म्हणजे डोंबारीणच, आहे, यावरून या कलेचा मराठी मुलखातील मुक्काम किती जुना, हे ध्यानी यावे.

अशीच वक्रता अन्यत्र मात्र नृत्य म्हणून मिरवते. दूर अमेरिकेत, ब्रुकलिनच्या वस्त्यांत, जमैकातून आलेल्या 'ब्रक-अप' नाचापासून 'फ्लेक्सिंग' नावाचे रस्त्यावरचे नृत्य निपजले. त्यातील 'बोन ब्रेकिंग' या प्रकारात नर्तक खांदे निखळल्यागत हात पाठीमागून फिरवतात. नर्तक रेजी ग्रे आणि दिग्दर्शक पीटर सेलर्स यांनी २०१५ साली ते न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यू आर्मरीत मानाने सादर केले. आपल्याकडे मात्र १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने, गाऊन, नाचून वा खेळ दाखवून सार्वजनिक जागी पैसे मागणे, हेही भीक मागण्यातच जमा केले; म्हणजे सरकारदप्तरी भटक्या जमातींत नोंदलेल्या कोल्हाटी-डोंबाऱ्याने आपला पिढीजात हुन्नर दाखवून थाळी फिरवली की तो कायद्याच्या लेखी भिकारी!

पोरांनी शाळेतच गेले पाहिजे, कोवळ्या मणक्यांवर घरची चूल पेटता कामा नये, याविषयी दुमत नसावे. परंतु ही विद्या ज्यांच्या अंगी मुरली आहे, त्या प्रौढ डोंबाऱ्यांना खानदेशातील आश्रमशाळांत रीतसर पगारावर शिक्षक म्हणून नेमावे, आणि ढोलकीवाल्यालाही सोबत घ्यावे.