चिंबोरीवरचा आळ

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या वर्षीची दिवाळीची आवराआवर माळ्यावरून उतरून थेट लॅपटॉपपर्यंत आली. कुणी नवा घेतला, कुणी जुन्यावरच भाच्याला बसवून विंडोज ११ चढवलं. तेव्हापासून डोंबिवलीतल्या आमच्या कोपर रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच रडगाणं चालू आहे. गाणं लावलं की कॉम्प्युटर हँग. मीटिंगमध्ये आवाज ट्रर्रर्र करतो आणि सगळं थिजतं. निदानही घरोघरी तेच: साउंडचा ड्रायव्हर गेला.

उपचारही ठरलेले. ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका. नाही जमलं तर फॉरमॅट मारा. फॉरमॅट ही या धंद्यातली क्रोसिन आहे. ताप उतरतो, पण कशाचा होता ते कळत नाही.

असंख्य कॉम्प्युटरांत आवाजाची चिप रिअलटेक या तैवानी कंपनीची असते आणि तिचं बोधचिन्ह आहे खेकडा. खाडीकाठच्या आगरी-कोळी भाषेत चिंबोरी. सध्या सगळा आळ या चिंबोरीवर आहे. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा ती बिचारी निर्दोष असते, आणि तिच्या नावाने बोंब मारताना खरा चोर मागच्या दाराने निसटतो.

कोपरच्या माणसाला हे समजायला फार लांब जायला नको. आपल्या शेजारचं दिवा स्टेशनचं रेल्वे फाटक आठवा. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे निघालेल्या असतात, पण फाटकातून रिक्षा-टेंपोंची रांग सरता सरत नाही, फाटक पडत नाही, सिग्नल मिळत नाही. लोकल दिव्याच्या अलीकडे तुंबते. कोपरच्या फलाटावर उभा असलेला माणूस मोटरमनला शिव्या घालतो. त्याला फाटक दिसतच नाही.

आवाजाचं वेळापत्रक लोकलपेक्षा फार कडक. कॉम्प्युटरमधला आवाज म्हणजे सेकंदाला साधारण ४८,००० आकडे. विंडोज ते साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या खेपांनी पुढे पाठवतं, म्हणजे एका खेपेत ४८० आकडे, सेकंदाला शंभर खेपा. एक खेप चुकली की स्पीकरमध्ये 'टक्' असा आवाज येतो. चित्राचं तसं नाही. सिनेमातल्या सेकंदाच्या २४ चित्रांपैकी एखादं गळालं तर डोळा ते खपवून घेतो. कान खपवून घेत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरच्या पोटात काहीही अडलं, तरी त्याची पहिली बातमी आवाजातून येते, आणि बातमी आणणाराच गुन्हेगार ठरतो.

मग फाटक कोण अडवतं? वाय-फायचं कार्ड, ग्राफिक्स, बॅटरीची चौकशी करणारा ड्रायव्हर, यूएसबीला लटकवलेलं एखादं जुनाट उपकरण. यातला प्रत्येक जण मध्येच प्रोसेसरला हाक मारतो, 'आधी माझं बघ'. हे काम क्षणार्धात उरकायचं असतं. एखादा ड्रायव्हर फाटकातच गाडी लावून बसला, की आवाजाच्या खेपा मागे खोळंबतात. लेटन्सीमॉन नावाचं एक साधन घरगुती वापरासाठी फुकट मिळतं. ते चालू ठेवून दहा मिनिटं गाणी लावली, तर फाटकात कोण उभं होतं त्याचं नाव ते सांगतं. आवाज दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला तिथे वाय-फायचं किंवा ग्राफिक्सचं नाव दिसतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. साधन नको असेल तर वाय-फाय बंद करून तेच गाणं पुन्हा लावा. ड्रायव्हर उपटण्याआधी एवढं तरी करावं.

हे मला उशिरा कळलं. माझा घरचा कॉम्प्युटर पावसाळ्यात कधीही थिजायचा. थिजताना जे सूर वाजत असतील त्यांचाच एक तुकडा 'र्र्र्र्र' असा अखंड घोळत राहायचा, पॉवरचं बटण दाबून धरेपर्यंत. महिनाभर मी चिंबोरीच्या मागे लागलो होतो. तीनदा ड्रायव्हर बदलला, एकदा फॉरमॅट मारला. शेवटी डोंबिवली पूर्वेला दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका काकांना फोन लावला. पूर्वी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या पिढीतला माणूस. त्यांनी मॉडेल विचारलं नाही, किती जुना ते विचारलं नाही. म्हणाले, "अडकतो तेव्हा गाणं काय करतं?"

मी म्हटलं, "काका, घरघरतं."

"थांबत थांबत, की एकसारखं?"

"एकसारखं."

"मग आवाजाला हात लावू नकोस. डबा घेऊन ये."

त्यांची रीत मला नंतर उलगडली. साउंड चिपला प्रोसेसर घास भरवत नाही. मेमरीत आवाजासाठी एक छोटी गोल जागा राखलेली असते. प्रोसेसर तिच्यात आकडे भरत जातो आणि चिप ते आपले आपण उपसत जाते, रहाटगाडग्यासारखं. प्रोसेसर निपचित पडला की भरणारा हात थांबतो, पण गाडगं फिरतच राहतं आणि तेच शिळं पाणी पुन्हापुन्हा ओतत बसतं. ती घरघर म्हणजे हेच. घरघर ऐकू येते याचा अर्थ चिप धडधाकट आहे. आजूबाजूचं घर कोसळलं तरी ती आपलं काम करते आहे. अशा वेळी बघायचं ते रॅम, ग्राफिक्स, पॉवर सप्लाय, तापमान.

काकांनी कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढली आणि टेबलाच्या खणातून शाळेतलं पांढरं खोडरबर काढून तिचे सोनेरी दात घासले. खाडीवरची दमट हवा, वर धूळ. दातांवर मळ बसतो आणि स्पर्श कच्चा होतो. पट्टी परत बसवली, तासभर गाणी लावून ठेवली. थिजला नाही. महिन्याभराच्या माझ्या ड्रायव्हरविद्येवर पाच रुपयांचं रबर फिरलं.

इतर लक्षणंही ते फोनवरच ओळखतात. चित्र गोठलं पण गाणं पुढे चाललंय, तर ग्राफिक्स किंवा ते ॲप बघायचं. क्षणभर खरखर होऊन सगळं सुरळीत होतं, तर फाटक. माऊस हलतो, पण आवाज गुल आणि स्पीकरच्या खुणेवर टिचकी मारली की तीच खिडकी अडकते, तर मात्र काका मान्य करतात: "हां, आता तुमची चिंबोरी."

कारण चिंबोरी कायमच निर्दोष होती असं नाही. तिच्या खानदानाचा इतिहास बरा नाही. सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आणलं, तेव्हा प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला हाक मारण्याचा स्वतःचा क्रमांक द्यावा लागे. सुरुवातीच्या कार्डांचा ठरलेला क्रमांक होता ७, आणि तोच प्रिंटरचाही. दोघांनी एकदम हाक मारली की गोंधळ. कार्डावरचे इवलेसे जंपर चिमट्याने हलवून ५ वर आणायचे, हे त्या काळचं कौशल्य. २००१ च्या सुमारास व्हिया कंपनीच्या एका चिपसेटवर साउंड ब्लास्टर लाइव्ह बसवलं तर हार्डडिस्कवरच्या फायली खराब होण्याचे प्रकार गाजले. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि मायक्रोसॉफ्टने आवाजाचं बरंचसं काम कर्नल या गाभाऱ्यातून ओसरीवर आणलं. व्हिस्टाला लोकांनी पोटभर नावं ठेवली, पण हे एक पुण्य तिच्या खाती मांडायलाच हवं. तरी ड्रायव्हरचा एक पाय अजून गाभाऱ्यात आहे. विंडोज ११ मध्ये इंटेलच्या स्मार्ट साउंडच्या काही आवृत्त्यांमुळे अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवर निळा पडदा येत होता. अशा कॉम्प्युटरांना पुढची आवृत्ती देणं मायक्रोसॉफ्टला थांबवावं लागलं, आणि तिथे उपाय नवा ड्रायव्हर हाच होता.

पण विंडोज ११ च्या निमित्ताने ज्याची चर्चा व्हायला हवी होती, तो किस्सा वेगळाच आहे. जुने कॉम्प्युटर ज्या अटींवर नापास झाले त्यांतली एक म्हणजे टीपीएम २.०, सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी यंत्रणा. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांत हे काम फर्मवेअर करतं. मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी त्याचा व्यवहार कधीकधी इतका लांबायचा की अख्खा कॉम्प्युटर क्षणभर थिजायचा आणि आवाज तोतरा व्हायचा. लोकांनी साउंडचे ड्रायव्हर बदलून बदलून हात दुखवून घेतले. मार्च २०२२ मध्ये एएमडीने चूक कबूल केली आणि बायोसच्या दुरुस्त्या पुढच्या काही महिन्यांत आल्या. लिनक्समध्येही हाच त्रास झाला, तेव्हा २०२३ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी वैतागून त्या यंत्रणेचा त्रास देणारा वापर सरळ बंदच करा असं सुचवलं. ज्या कुलपाच्या अटीपायी चांगले चालते कॉम्प्युटर मोडीत निघाले, तेच कुलूप दारात अडकत होतं. रायझेन असेल आणि २०२२ नंतर बायोसला हात लावला नसेल, तर दुकानात जाण्याआधी तेवढं करून घ्या. फक्त बायोस अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. आपल्याकडे हे सांगावं लागतं. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांची तक्रार बरीचशी या सगळ्याबाहेरची आहे. माइक चालू झाला की हेडफोन संगीताची पद्धत सोडून फोनच्या पद्धतीवर जातो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि बदलताना क्षणभर सगळं थबकतं. तारेचा हेडफोन लावा, विषय संपला. फक्त दमट हवेने त्याची पिन लावायचं भोक गंजलेलं नाही ना ते बघा. नाहीतर 'लावला, काढला, लावला' अशा सूचनांचा पाऊस पडेल.

माझ्या कॉम्प्युटरवर अजूनही अधूनमधून एक 'टक्' येतो. लेटन्सीमॉन वाय-फायकडे बोट दाखवतं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "नेटची वायर ओढ." वायर आणली आहे, भिंतीला भोक पाडायला घरच्यांची परवानगी अजून मिळालेली नाही.